शहरातले बारकावे कागदावर: पहिल्यांदा स्केचबुक घेऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा स्केचबुक घेऊन बाहेर पडलो तेव्हा मी एका जुन्या तीन मजली इमारतीसमोर बसलो आणि अख्खी इमारतच काढायला घेतली. दोन तास गेले. पहिल्या मजल्याच्या खिडक्या मन लावून काढल्या, दुसऱ्याच्या घाईघाईत आणि तिसऱ्याच्या तर मान वर न करताच, कारण वरच्याही तशाच असणार असं मी गृहीत धरलं होतं. सामान आवरताना सहज वर नजर गेली. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना कमान नव्हतीच, वर नुसती सरळ दगडी पट्टी होती. माझ्या कागदावर मात्र सगळीकडे कमानी होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीपाशी गेलो आणि फक्त एक वस्तू काढली: पावसाळी पाइपाला भिंतीशी धरून ठेवणारी लोखंडी पकड. वीस मिनिटं लागली. पकडीचे दोन कान, त्यांतून गेलेले खिळे, एका खिळ्याभोवती गंजाने सुटलेला रंग, आणि पाइप भिंतीपासून बोटभर दूर राहावा म्हणून मागे बसवलेला ठोकळा. त्या पानावर पहिल्यांदा काहीतरी खरं उतरलं होतं. तेव्हापासून मी अशाच लहान गोष्टी काढत आलो आहे. या वाटेवर माझा जिथे जिथे गोंधळ झाला, तिथे तुमचा होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

माझा आग्रह एकच आहे आणि तो पुढे पुन्हा पुन्हा येईल. कुठलीही वस्तू काढण्याआधी ती तिथे कशासाठी आहे, ते शोधा. चित्रकलेचं शिक्षण नसलं तरी चालतं. हा प्रश्न विचारला नाही, तर मात्र हात कितीही तयार असला तरी चित्र पोकळ राहतं.

सोबत काय घ्यायचं

- स्केचबुक: ए५ किंवा त्याहून लहान. ए५ म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर, उभ्याने एका हातावर तोलता येईल एवढं. पुठ्ठा कडक हवा. कागद १५० जीएसएमच्या (चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा घ्या, पातळ कागद पाणी लागताच सुरकुततो.
- पेन्सिली: एक एचबी आणि एक २बी. एच म्हणजे कडक, बी म्हणजे काळी. शिशात चिकणमाती जास्त असेल तर पेन्सिल कडक होते, ग्राफाइट जास्त असेल तर मऊ. दोन्हींचं मिश्रण भाजून शिसं करण्याच्या पद्धतीचं पेटंट निकोला-जाक काँते यांनी १७९५ मध्ये घेतलं, आजच्या पेन्सिलीही त्याच तत्त्वावर बनतात. बारा पेन्सिलींच्या संचाची गरज नाही.
- पेन: जलरोधक शाईचं, ०.१ आणि ०.३ अशा दोन जाडींचं.
- मळता येणारं मऊ खोडरबर आणि पान उडू नये म्हणून दोन क्लिपा.
- १५ सेंटिमीटरची पट्टी. ही रेघा मारायला नाही, मोजायला.
- लहान दुर्बीण, आठपट मोठं दाखवणारी. कुणी ही यादीत धरत नाही, पण उंचावरचं कोरीवकाम पाहायचं असेल तर हिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.
- घडीचं स्टूल, जमलं तर.
- ओळखपत्र, आणि जिथे परवानगी लागते तिथे तिची प्रत.

रंगपेटी पहिले काही आठवडे घरीच राहू द्या.

१. आधी रिकाम्या हाताने चाला

पहिली फेरी स्केचबुकाशिवाय करा. रोजचाच रस्ता घ्या, फक्त वेग निम्मा ठेवा. नजर तीन पातळ्यांवर फिरवा. पायाशी: जोतं, पायऱ्यांच्या झिजलेल्या कडा, तळघराच्या जाळ्या, गटारांची झाकणं. नजरेसमोर: कड्या, बिजागऱ्या, पत्रपेट्या, कठड्यांचे गज. आणि वर: छज्जे, तोडे (सज्जाला खालून पेलणारे दगड), पन्हळी, कमानीच्या मधोमध कोरलेले चेहरे.

वरच्या पातळीकडे मुद्दाम लक्ष द्या. तळमजल्यावर दुकानं बदलतात, काचा बदलतात, पाट्या बदलतात. वरच्या मजल्यांना सहसा कुणी हात लावत नाही. समोरच्या फुटपाथवरून पाहिलं तर नव्या चकचकीत दर्शनी भागाच्या डोक्यावर शंभर वर्षांपूर्वीची खिडकी तशीच उभी असलेली अनेकदा सापडते.

सगळ्यात जास्त सापडतं ते दोन वस्तू किंवा दोन साहित्यं जिथे भेटतात तिथे: दगड संपून वीट सुरू होते तिथे, लोखंडी कठडा दगडात रुततो तिथे, भिंत आणि जमीन मिळतात तिथे. घडवणाऱ्याला खरी अडचण तिथेच आलेली असते आणि ती त्याने कशी सोडवली हेही तिथेच दिसतं. घरी आल्यावर आठवतील त्या दहा वस्तू लिहून काढा आणि त्यातली एकच निवडा. तळहातापेक्षा लहान नको, दारापेक्षा मोठी नको.

२. "हे इथे कशाला?" असं विचारा

हा टप्पा गाळू नका. लहान बारकाव्यांमागे बहुतेक वेळा चारांपैकी एक काम असतं: पाणी दूर नेणं, वजन पेलणं, दोन भाग जोडणं किंवा झीज सोसणं.

पाण्यापासून सुरुवात करू. खिडकीच्या बाहेरची दगडी पाटी नीट पाहा. ती सपाट नसते, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती असते आणि भिंतीच्या थोडी पुढे आलेली असते. आता खाली वाकून तिची खालची बाजू पाहा. कडेपासून थोडं आत, लांबीभर एक खाच असते. पावसाचं पाणी पाटीच्या कडेवरून वळून खालच्या बाजूला चिकटतं आणि तसंच सरकत भिंतीपर्यंत पोचू पाहतं. खाचेशी आलं की त्याला पुढे जाता येत नाही, ते थेंब होऊन खाली पडतं. कुठे ही खाच रंगाच्या थरांनी बुजलेली असते, तिथे खिडकीखालच्या भिंतीवर काळे ओघळ दिसतात. हे माहीत नसताना मी पाटी म्हणजे एक आयत काढत होतो. कळल्यावर उतार आला, खाचेची गडद रेघ आली, ओघळही आले, आणि ती पाटी खिडकीची वाटू लागली.

वजनाचं उदाहरण कमानीचं. तिचे दगड पाचरीच्या आकाराचे असतात आणि एकमेकांना रेटून उभे राहतात. मधला दगड सगळ्यात शेवटी बसतो म्हणून त्याचा मान मोठा, पण भार तो एकटा उचलत नाही. काढताना लक्षात ठेवायचं ते एवढंच: अर्धगोल कमानीतला प्रत्येक सांधा वर्तुळाच्या केंद्राकडे रोखलेला असतो. नवशिके हे सांधे विटांसारखे उभे काढतात. तशी कमान कागदावरसुद्धा कोसळणारी दिसते. उंबऱ्याच्या वर, दोन्ही बाजूंना कमान जिथे सुरू होते त्या उंचीवर, बरोबर मध्यात एक ठिपका द्या आणि सगळे सांधे तिथून निघाल्यासारखे काढा.

जुन्या विटांच्या इमारतींवर कधीकधी इंग्रजी एस अक्षरासारखी, फुलीसारखी किंवा चांदणीसारखी लोखंडी पट्टी दिसते. मी किती तरी दिवस तिला शोभेची वस्तू समजत होतो. तिच्या मागून एक लोखंडी सळई भिंतीच्या आरपार आत गेलेली असते आणि आतल्या तुळयांना किंवा समोरच्या भिंतीला बांधलेली असते. भिंत बाहेर फुगू नये म्हणून ही पकड. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये तर काही घरांवर या पट्ट्या आकड्यांच्या आकारात घडवल्या आहेत, चार पट्ट्या मिळून बांधकामाचं साल होतं. अशी पट्टी काढताना तिच्या आसपासची भिंतही काढा. फुगवटा तिथेच कुठेतरी असतो.

झिजेची खूण जमिनीलगत शोधायची. जुन्या मोठ्या दरवाजांच्या दोन्ही कोपऱ्यांशी एखादा ओबडधोबड, तिरपा दगड किंवा लोखंडी गोळा असतो. घोडागाडीचं चाक भिंतीचा कोपरा खरवडू नये म्हणून तो लावलेला. गाड्या गेल्या, दगड राहिला, त्यावरचे ओरखडेही राहिले. न्यूयॉर्कमध्ये जुन्या फुटपाथांत लोखंडी चौकटीत बसवलेली जाड काचेची भिंगं आहेत, खालच्या तळघरात उजेड जावा म्हणून. थॅडियस हायट यांनी अशा भिंगांचं पेटंट १८४५ मध्ये घेतलं. त्यातली बरीच भिंगं आता जांभळी दिसतात. काच स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत आणि वर्षानुवर्षं ऊन लागून त्या मँगनीजचाच रंग पालटला. म्हणजे तो जांभळा रंग कुणी दिलेला नाही.

काही गोष्टींचं काम केव्हाच संपलेलं असतं, उरतो तो आकार. छज्जाखाली ओळीने बसवलेले दातांसारखे दगडी ठोकळे पाहा. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन वास्तुविद विट्रुव्हियस सांगतो की हे दात म्हणजे लाकडी छपराच्या वाशांची बाहेर आलेली टोकं, दगडात केलेली. हे कळल्यावर ते दात नुसते चौकोन म्हणून काढवत नाहीत. प्रत्येकाच्या मागे एक वासा आहे असं धरून काढले जातात आणि त्यांना आपोआप खोली येते.

इथे एक सापळा आहे. उत्तर पटकन सापडलं की आपण तेच सगळीकडे लावतो. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता आणि तो वाचवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, हे खरं आहे. म्हणून तिथली प्रत्येक बुजलेली खिडकी करामुळेच बुजली असं नाही. कित्येक खिडक्या पहिल्यापासूनच आंधळ्या बांधलेल्या असतात, दर्शनी भाग दोन्हीकडून सारखा दिसावा म्हणून. सांधे पाहिले तर फरक कळतो: मागाहून बुजवलेल्या जागी विटांचा रंग, थरांची पातळी आणि चुना आजूबाजूशी सहसा जुळत नाही. अंदाज असेल तर पानावर प्रश्नचिन्ह टाका. खात्री नसताना ठाम वाक्य लिहू नका.

३. जागा आणि वेळ

उजेड समोरून आला की कोरीवकाम सपाट दिसतं, बाजूने आला की तेच उठून येतं. त्यामुळे तुमच्या भिंतीवर ऊन तिरकं केव्हा येतं ते आदल्या दिवशी पाहून ठेवा. अर्ध्यापाऊण तासात सावल्या सरकतात, म्हणून बसल्याबरोबर सावल्यांच्या कडा हलक्या रेषेने बांधून घ्या आणि नंतर ऊन कुठेही जावो, त्या रेषा बदलू नका.

स्वतः मात्र सावलीत बसा. उन्हातला पांढरा कागद डोळे दिपवतो आणि गडद-फिक्याचा अंदाज चुकतो. मान मागे टाकावी लागली तर जागा फारच जवळ आहे, वस्तूच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट अंतर बरं पडतं.

बसण्याआधी वस्तूभोवती फिरून या, निदान जिथवर जाता येईल तिथवर. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन व्हेनिसमध्ये जुन्या इमारतींची दगडन् दगड मोजमापं घेत होता, तेव्हा तो शिडी लावून डोज (व्हेनिसचा निवडून आलेला प्रमुख) आंद्रेआ व्हेंद्रामिनच्या थडग्यावरच्या पुतळ्यापर्यंत चढला. खालून देखणा दिसणारा तो पुतळा लोकांना दिसेल तेवढ्याच बाजूने कोरला होता. पलीकडची बाजू तशीच सोडून दिलेली. शिडी लावायला तुम्हाला कुणी सांगत नाही, पण चार पावलं डावीकडे आणि चार उजवीकडे टाकलीत तरी तोडा किती जाड आहे, नक्षी कडेला कुठे संपते, हे कळतं.

४. काढण्याआधी मोजा

पेन्सिल हातात उभी धरा, कोपर पूर्ण ताठ ठेवा, एक डोळा मिटा. वस्तूची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने धरा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहा. कोपर वाकलं की माप बदलतं, चूक बहुतेक इथेच होते. हे प्रमाण लगेच पानाच्या कोपऱ्यात लिहा: "रुंदी १, उंची अडीच."

विटांची भिंत असेल तर तुम्हाला आयतीच मोजपट्टी मिळाली. हात पोचेल अशा ठिकाणी सांध्यांसकट दहा थर पट्टीने मोजा, दहाने भागा, मग वरचे थर मोजून कुठलीही उंची काढा. ब्रिटनमधली आजची प्रमाण वीट ६५ मिलिमीटर उंच आणि सांधा १० मिलिमीटर, म्हणजे चार थरांत ३०० मिलिमीटर. पण जुन्या विटा गावागणिक, कधी इमारतीगणिक वेगळ्या असतात, तेव्हा पुस्तकी आकडा न घेता समोरची भिंत मोजा.

मोजता मोजता विटांची रचनाही पाहून घ्या. एका थरात सगळ्या विटांची लांब बाजू आणि वरच्या थरात सगळ्यांची डोकी, म्हणजे आखूड बाजू, तर तो इंग्लिश बाँड. एकाच थरात लांब बाजू, डोकं, लांब बाजू, डोकं असं आलटून पालटून असेल तर फ्लेमिश बाँड. सगळीकडे फक्त लांब बाजूच दिसत असेल, तर ती अर्ध्या विटेएवढ्याच जाडीची भिंत असण्याची शक्यता मोठी आणि तिच्यामागे दुसरं काहीतरी उभं आहे. चित्रात सगळ्या विटा काढू नका. कोपऱ्याजवळच्या पंधरा-वीस नीट काढा आणि पुढे रेषा विरू द्या. रचना खरी असेल तर बाकीची भिंत बघणारा मनाने भरून घेतो.

५. ठोकळा आधी, नक्षी नंतर

एक तोडा प्रत्यक्ष काढून बघू. तोडा म्हणजे भिंतीतून बाहेर येऊन सज्जाला खालून आधार देणारा दगड. बाजूने पाहिला तर वर खोलवर बाहेर आलेला, खाली निमुळता होत भिंतीत विरलेला, आणि पुढे एक पान कोरलेलं.

मोह होतो पानापासून सुरुवात करायचा. तसं केलं की पान कागदभर वाढतं आणि तोड्याला जागा उरत नाही, माझ्या स्केचबुकाची पहिली पाच-सहा पानं अशीच गेली. आधी एचबीने अगदी हलका आयत काढा, मोजलेल्या प्रमाणात. त्याच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यातून खालच्या मागच्या कोपऱ्याकडे एक तिरकी रेघ घ्या. सज्जाचं वजन याच वाटेने भिंतीत उतरतं. तोड्याची वळणदार कड या रेघेच्या थोडी बाहेर, थोडी आत अशी फिरते. वळण सर्वात फुगीर कुठे आहे आणि सर्वात आत कुठे जातं, तिथे दोन ठिपके द्या. ठिपके जोडलेत की वळण येतं. दोन्ही टोकांना गुंडाळी असेल तर पाहा: वरची सहसा मोठी असते, खालची लहान, आणि दोघी उलट दिशांना वळतात.

आता पान. हे बहुधा अकँथस या काटेरी कडांच्या वनस्पतीचं रूप असतं, ग्रीक काळापासून दगडात कोरलं जाणारं. त्याची प्रत्येक कड काढायला जाऊ नका. आधी मधली शीर काढा. ती तोड्याच्या वळणाबरोबर वाकते आणि टोकाला पुढे झुकते. मग सगळं पान सामावेल अशी बाहेरची एकच रेषा. त्यानंतर पानाच्या दोन पाकळ्या जिथे भेटतात तिथल्या लहान खोल भोकांकडे बघा. कोरणाऱ्याने ती बऱ्याचदा सामत्याने पाडलेली असतात, सावली त्यांच्यातच साठते. ही भोकं २बीने गडद करा, फक्त भोकं. पाच-सहा ठिपके पडले की अजून न काढलेलं पान कागदातून वर येऊ लागतं. मला आजही हा क्षण सगळ्यात आवडतो. त्यापुढे कडा लागतील तेवढ्याच.

वेळ बघाल तर ठोकळ्याला दहा मिनिटं, वळणाला दहा, पानाला पंधरा. शेजारचे पाच तोडे सारखेच असतील तर त्यांची फक्त बाहेरची रेषा काढा. पण "सारखेच" म्हणण्याआधी दुर्बीण लावून एकेक तपासा. मी काढलेल्या एका ओळीत चौथा तोडा बाकीच्यांपेक्षा बोथट निघाला. त्याची भोकं उथळ होती, कडा गोल. दगड कधीतरी पडला असावा आणि त्या जागी सिमेंटमध्ये ओतलेला नवा बसवला असावा. त्या पानावर मी तोच तोडा पूर्ण काढला आणि बाकीचे रेषेत ठेवले.

६. वर बघताना रेषा कुठे जातात

यथार्थदर्शनाचे, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याचे, नियम पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये बांधले गेले. वास्तुविद ब्रुनेलेस्कीने ते प्रयोगाने दाखवले, लेखक आणि वास्तुविद आल्बेर्तीने १४३५ मध्ये लिहून ठेवले. लहान बारकाव्यांपुरतं त्यातलं फार थोडं लागतं. पानावर आधी तुमच्या डोळ्यांच्या उंचीची रेघ ठरवा, ती पानाबाहेर पडत असेल तरी. तिच्या वरच्या आडव्या कडा तुमच्यापासून दूर जाताना खाली उतरतात, तिच्या खालच्या वर चढतात. उभ्या कडा उभ्याच ठेवा.

गोल वस्तू, म्हणजे दिव्याचं कडं, खांबाचं डोकं, पाइपाचं तोंड, लंबगोल दिसतात. डोळ्यांच्या पातळीशी हा लंबगोल जवळजवळ रेघ होतो आणि जितकं वर किंवा खाली जावं तितका उघडत जातो. खांबाच्या वरच्या आणि खालच्या गोलाला एकच आकार दिला की खांब वाकडा वाटतो. लंबगोलाची टोकं टोकदार करू नका, तिथेही वळणच असतं.

मोबाइलवरच्या फोटोवरून गिरवणाऱ्यांसाठी: फोन वर तिरपा करून काढलेल्या फोटोत उभ्या भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. ते गिरवलं तर इमारत मागे कलंडते. फोटो जरूर काढा, पण चित्र संपल्यावर, नोंद म्हणून.

७. शाई, मग पाणी

पेन्सिलीवर शाई फिरवताना सगळ्या रेषा एकाच जाडीच्या नकोत. बाहेरची कड आणि सावलीकडच्या रेषा ०.३ने, आतली नक्षी ०.१ने. उन्हाकडच्या कडेला रेषा तुटली तरी चालते. उलट चांगलं दिसतं.

शाई जलरोधक आहे असं वेष्टनावर लिहिलेलं असलं तरी घरी तुकड्यावर रेघ मारून पाच मिनिटांनी ओला ब्रश फिरवून बघा. मी हे न करता एका दाराच्या लोखंडी जाळीवर दीड तास घालवला. सावलीसाठी पाणी लावलं आणि सगळी जाळी राखाडी डागात वाहून गेली. शाई चांगली असूनही गुळगुळीत कागदावर ती वाळायला वेळ घेते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

रंग सुरू कराल तेव्हा एकच घ्या, एखादा पातळ राखाडी किंवा तपकिरी, आणि फक्त सावलीत लावा.

८. पानावर लिहा

ठिकाण, तारीख, वेळ, उजेड कुठून येत होता. साहित्य: कोणता दगड, लोखंड की बीड, रंगाचे किती थर दिसतात. मोजलेलं एखादं माप. आणि दुसऱ्या टप्प्यातल्या प्रश्नाचं उत्तर, एका ओळीत. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा: "पाइपाच्या तोंडाशी लोखंडी पेटी, पुढे सिंहाचा चेहरा, खाली गंज." नावं नंतर कळत जातात, पण डोळ्यांनी पाहिलेलं न लिहिता सोडलं तर आठवड्यात जातं.

९. माणसं, परवानगी, सुरक्षितता

सार्वजनिक रस्त्यावर बसून चित्र काढायला बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही, पण नियम जागोजागी वेगळे असतात. लष्करी जागा, न्यायालयं, स्थानकं, विमानतळ यांच्या आसपास आधी चौकशी करा. संग्रहालयांत आणि प्रार्थनास्थळांत पेन्सिल चालते पण शाई किंवा पाणी चालत नाही, असं पुष्कळदा असतं. दारातच विचारून घ्या. पहारेकऱ्याने हटकलं तर वाद घालू नका, स्केचबुक उघडून दाखवा. तेवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

दुर्बिणीचं मुद्दाम सांगतो. राहत्या घराच्या खिडकीकडे ती रोखू नका, छज्जाकडे बघत असलात तरी समोरच्याला ते कळण्याचा मार्ग नसतो. कुणी बाहेर येऊन विचारलं तर काय काढता आहात ते दाखवा. घरात राहणाऱ्यांना आपल्या घराबद्दल खूप माहीत असतं. ती लोखंडी पट्टी कधी बसवली, हे मला एकदा तसंच कळलं.

दार, उतार, दुकानाचं तोंड अडवून बसू नका. मागे भिंत आणि पिशवी दोन पायांच्या मध्ये असेल तर चित्रात लक्ष राहतं.

एकट्याने बसायला संकोच वाटत असेल तर सोबत शोधा. सिॲटलमधले पत्रकार आणि चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ मध्ये अर्बन स्केचर्स हा उपक्रम सुरू केला, आज जगभर अनेक शहरांत त्याचे गट आहेत. त्यांचं पहिलं तत्त्व जागेवर बसून, प्रत्यक्ष बघून काढण्याचं आहे. दहा जण एकाच दारासमोर बसून दहा वेगळ्या गोष्टी काढतात, ते बघण्यातही बरंच शिकणं होतं.

१०. त्याच जागी परत जा

पहिल्या महिन्यात नवीन जागा शोधत फिरू नका. एकच इमारत धरा आणि दर खेपेला तिच्यातली वेगळी वस्तू काढा: आज पाटी, पुढच्या वेळी बिजागरी, मग पायरीची कड. आठव्या-नवव्या पानापर्यंत इमारत कशी उभी आहे, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, कोणता भाग मागाहून जोडला, हे तुम्हाला न ठरवता कळलेलं असतं. त्यानंतर अख्खी इमारत काढायला घेतलीत तरी हरकत नाही.

माझ्या त्या पहिल्या इमारतीपाशी मी मागच्या पावसाळ्यानंतर गेलो होतो. बिडाचा पाइप काढून तिथे प्लास्टिकचा बसवला आहे. पकड गेली, मागचा ठोकळाही गेला. भिंतीत खिळ्यांची दोन भोकं तेवढी उरली आहेत आणि त्यांच्याभोवती गंजाचं कडं. मी तीही काढली, जुन्या पानाच्या पाठीमागे, त्याच मापात.